मेथी लावायची की शेवगा?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



परसबागेवर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. बायकांच्या मेळाव्यात हा विषय ठेवला की पुष्कळांना हायसं वाटतं. कुणाच्या विरोधात काही नाही, कुणाकडे काही मागणं नाही. भाजी लावा, पोरांना खायला घाला, झालं. मी गेली नऊ वर्षं सोलापुरात विडी कामगार आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या वस्त्यांमध्ये हेच शिकवते आहे. माझा अनुभव असा, की हा विषय वरून दिसतो तितका गरीब नाही. मातीत हात घातला की जमिनीचा प्रश्न बोटाला लागतोच.

आधी माझ्या कामाविषयी. मी माळीकामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. रोपवाटिका, कलमं, छाटणी, खतं, कीड-रोग हे सगळं शिकले. आमच्या तुकडीत दोघीच मुली होतो. प्रमाणपत्रावर लिहून आलं ‘माळी’. आपल्या भाषेत माळीण म्हणजे एक तर माळ्याची बायको, नाही तर माळी समाजातली बाई. झाडांचं काम शिकलेल्या बाईला वेगळा शब्दच नाही. बी राखणं, रोप लावणं, खुरपणं ही कामं बायकांनी केली आणि धंद्याचं नाव मात्र पुरुषाला मिळालं. पोटासाठी मी बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळते, त्याचे पैसे घेते. आठवड्यातली एक दुपार वस्तीसाठी ठेवली आहे, तिथे पैसे घेत नाही.

‘फुकट का?’ असं मला विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आपण नीट द्यायला हवं, कारण बायकांचं काम फुकट धरण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७३ मध्ये एक योजना सुरू झाली. तिथल्या विद्यापीठाने बागकामाची आवड असलेल्या माणसांना शिकवायचं, आणि त्यांनी त्या बदल्यात ठरलेले तास आपल्या गावातल्या लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. सावडीत दोन्ही बाजूंचा मान राहतो. वेठीत राहत नाही. वस्तीतलं माझं काम सावडीचं आहे. तिथल्या तेलुगू अक्कांनी मला अंबाडीच्या दहा गोष्टी शिकवल्या, ज्या माझ्या अभ्यासक्रमात नव्हत्या. पण एखाद्या बंगल्यातून ‘समाजसेवा करताच ना, मग आमची गच्चीही बघून जा’ असा निरोप आला, तर मी आधी दर सांगते. ज्याला परवडतं त्याने द्यावं.

लोकांना शेतीचं शिक्षण द्यावं हा विचार आजचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं असं सांगितलं, आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी छोटी नमुना-शेतं असावीत असंही म्हटलं. ज्यांचे हात मातीत आहेत त्यांच्यापर्यंत विद्या गेली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. आपण तो वस्तीतल्या बाईपर्यंत न्यायचा आहे.

आता मी शिकवते काय ते सांगते. बाईच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात करायची. विडी वळणाऱ्या घरात तेंदूच्या पानांची कात्रणं रोज पडतात. ती जाळायची किंवा गटारात टाकायची नाहीत. फुटक्या घमेल्यात, भोकं पाडलेल्या डब्यात कात्रणाचा एक थर, भाजीच्या देठा-सालींचा एक थर, वर मूठभर माती, असं रचत जायचं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची. वास यायला लागला तर ओलं जास्त झालं असं समजायचं आणि कोरडी कात्रणं घालायची. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाताला येतं.

दुसरी गोष्ट हात धुण्याची. तंबाखूवरचा एक विषाणू टोमॅटो आणि मिरचीलाही लागतो, आणि तो हातावरून जातो. पानं चट्ट्याचट्ट्यांची होतात, रोप खुरटतं. म्हणून विडीच्या सुपावरून उठून थेट रोपाला हात लावायचा नाही, आधी साबणाने धुवायचे. हे मी रोपासाठी सांगायला लागले, तेव्हा एकीने विचारलं, ‘रोपाला इतकं होतं, तर आमच्या अंगाला काय होत असेल?’ त्या दिवशी शिकवणं बाजूला राहिलं आणि खोकला, चक्कर, पाठ यांवरच बोलणं झालं. असं होऊ द्यावं. तंबाखूचा काढा करून कीड मारायची रीत काही घरांत आहे, ती मी बंद करायला सांगते. तो काढा माणसालाही विषारी. त्याऐवजी निंबोळ्या वाळवून कुटायच्या, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम पूड रात्रभर भिजवायची, सकाळी वस्त्रगाळ करून चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचं.

तिसरी गोष्ट पाणी. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा आल्याचे काळ वारंवार आले आहेत. तिथे ‘रोज एक बादली झाडांना घाला’ असं सांगणं म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं. म्हणून अंघोळीचं पाणी अळूला आणि केळीला, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पालेभाजीला, आणि सगळ्या मातीवर पालापाचोळ्याचं पांघरूण.

हे सगळं शिकवायला सोपं आहे. यासाठी मी शिबिराला गेले की फोटो निघतात, टाळ्या पडतात. पण मी आता शिकवणं सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारते. जागा कुणाची? पाणी कोण भरणार? आणि पिकलेलं कोण खाणार किंवा विकणार?

या प्रश्नांची गरज का, ते एका अनुभवावरून सांगते. एका वस्तीलगत पडीक जागा होती. मुरूम, काचा, प्लास्टिक. ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी तोंडी सांगितलं, ‘लावा खुशाल.’ अकरा बायकांनी दोन पावसाळे ती जागा साफ केली. डोक्यावरून खत वाहिलं. पहिल्या वर्षी नुसती अंबाडी आली. दुसऱ्या वर्षी मेथी, वांगी, दोडका असं सगळं आलं. बाजारातून भाजी आणणं जवळजवळ थांबलं, उरलेली विकून दोघी-तिघींनी पोरांची वह्या-पुस्तकं घेतली. माती चांगली झाली, जागा देखणी झाली, आणि मग जागा परत मागितली गेली. आठ दिवसांची मुदत. वांगी फुलावर होती. आम्ही जाऊन बोललो, पण कागद नव्हता. बायकांनी रोपं उपटून डब्यांत नेली, त्यातली निम्मी मेली. दोन वर्षांच्या कष्टाचा मोबदला कुणी मोजला नाही, कारण ते सगळ्यांच्या लेखी ‘बायकांचं फावल्या वेळचं काम’ होतं.

त्यानंतर मला वस्त्यांमध्ये एक गोष्ट दिसायला लागली, ती तुम्हीही आपापल्या गावी बघा. भाड्याच्या खोलीतली बाई मेथी लावते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताला येते, महिन्याच्या मुदतीवर घर सोडावं लागलं तरी नुकसान नाही. शेवग्याला वर्ष द्यावं लागतं. लिंबाला तीन-चार वर्षं. ते झाड तीच लावते, जिला आपण पुढच्या वर्षी इथेच असू याची खात्री आहे. बाईने काय लावलं आहे त्यावरून तिच्या नावावर काय आहे ते कळतं. सासरच्या अंगणातही हेच. ‘कधी घराबाहेर काढतील सांगता येत नाही,’ असं म्हणणारी एक मैत्रीण सात वर्षं फक्त कुंड्यांत लावत होती. उचलून नेता येतील म्हणून.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर, वर्षानुवर्षं झगडून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये घरं ताब्यात मिळाली. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे, वारली आदिवासींना वेठीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदूताई. माझ्याकडे शिकलेली एक अक्का भाड्याची खोली सोडून तिकडे मुलीच्या घरी राहायला गेली. मी विचारलं, ‘काय लावलंत?’ म्हणाली, ‘शेवगा. आता मला कोण उठ म्हणतंय?’

म्हणून माझं म्हणणं असं, की परसबागेच्या शिक्षणात खत-पाण्याच्या बरोबरीने कागदाचं शिक्षण आलं पाहिजे. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. किती जणींनी भावाच्या मायेपोटी हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला आहे? गावात घराच्या नमुना आठवर नवऱ्याबरोबर आपलं नाव लागू शकतं. किती जणींनी तो उतारा काढून बघितला आहे? आणि शाळेची, देवळाची, सोसायटीची मोकळी जागा लावायला घेणार असाल, तर किमान तीन वर्षांचा लेखी करार, त्यात पाण्याची सोय आणि पीक निघेपर्यंत जागा न सोडण्याची अट. हा कागद झाल्याशिवाय मी आता कुदळ मारू देत नाही. दोन ठिकाणी असा कागद झाला, दोन्ही ठिकाणी बागा उभ्या आहेत. एका ठिकाणी नकार मिळाला, तिथे आम्ही लावलं नाही.

शेवटी ज्ञानाविषयी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं राखता राखता, एका संस्थेच्या साथीने त्यांनी बियाणं बँक उभी केली, बायकांना शिकवलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखं ज्ञान असलेल्या बाया या मांडवातही बसलेल्या असतील. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे म्हणून मी इथे उभी आहे आणि त्या खाली बसल्या आहेत, एवढाच फरक. तेव्हा शिकवायला माझीच वाट बघू नका. जिला जे येतं ते तिने शेजारणीला द्यावं, आणि शेजारणीकडून काही घ्यावं.

पावसाला अजून वेळ आहे. तोवर दोन कामं करा. कात्रणं, पाला, साली साठवायला घ्या. आणि आपण ज्या घरात राहतो, ज्या अंगणात लावणार आहोत, त्याचा उतारा काढून आणा. पुढच्या बैठकीत दोन्ही घेऊन या. खत कसं झालंय ते हातात घेऊन बघू, आणि उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचू.