झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: कसं बसवलं आणि का काढलं

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. अडखळणं आणि तेच तेच बोलणं तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच आहे. विषय असा आहे की गेले वर्षभर मी तो टाळत होतो. इंजिन स्वॅप, म्हणजे जुन्या छोट्या गाडीत नवं, मोठं इंजिन बसवणं. हे करून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. बसवून परत काढलेलं कुणी सांगत नाही. मी काढलं. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आमच्या घरी १९९८ ची मारुती झेन आहे, कार्ब्युरेटरवाली, एमएच-०९, कोल्हापूर. बाबांनी कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी. २०२१ मध्ये माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी पुण्याहून घरी आलो होतो. एके दिवशी रेडिएटरचा होज फुटला, पाणी सगळं गेलं, आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष न देता मी तशीच तीन-चार किलोमीटर दामटली. झेनचं इंजिन सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. गॅस्केट गेलं, हेड वाकलं. चूक माझी होती आणि बाबा एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. दुरुस्त तर करायचीच होती. पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस, नुसतं दुरुस्त करून आमचं समाधान कसलं होतंय? अपग्रेड पाहिजे.

आता थोडं तांत्रिक. झेनचं इंजिन जी१०बी, ९९३ सीसी, चार सिलिंडर, ५० बीएचपी. सुझुकीच्या या जी घराण्यातलाच मोठा भाऊ म्हणजे जी१३बीबी. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय. एस्टीममध्ये ८५ बीएचपी द्यायचं. हेच इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं आणि २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी, आणि ताकद ५० वरून ८५. गणित ऐकूनच माणूस वेडा होतो.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत जिओ मेट्रो नावाची गाडी होती, तीन सिलिंडरची, हजार सीसीची, मूळ सुझुकीच. तिच्यात लोक याच घराण्यातलं १.३ टाकतात. होंडा सिव्हिकवाल्यांचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकातल्या सिव्हिकमध्ये २००१ नंतरची के सिरीज बसवायला तयार माउंटचे किट मिळतात तिकडे. आपल्याकडे किट म्हणजे उद्यमनगर.

इंजिन आणलं मुंबईहून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. २००४ च्या एस्टीमचं. सोबत ईसीयू, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर. मेस्त्रींनी निघतानाच बजावलं होतं, "वायर एक पण कापून आणू नका. इंजिन कुठंबी मिळतंय, हार्नेस मिळत नाही." एवढं मी पाळलं. बिल घेतलं, पण साध्या कागदावरचं. ज्या गाडीतून ते इंजिन निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स मागितली तर दुकानदार हसला. मीही हसलो आणि पैसे दिले. हे हसणं लक्षात ठेवा.

सगळ्यांना वाटतं की इंजिन आत बसवणं अवघड. तसं नाहीये. घराणं एकच असल्यामुळे झेनचाच गिअरबॉक्स त्याला लागला. गिअरबॉक्स तोच ठेवला म्हणून शाफ्टही तेच राहिले, आणि ही मोठी सुटका होती. झेनची रुंदी १४९५ मिलिमीटर, एस्टीमची १५७५. एस्टीमचे शाफ्ट घेतले असते तर ते लांब पडले असते. जी१३ चा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आणि जी१० चा ६१, त्यामुळे ब्लॉक थोडा उंच. बॉनेट आणि इंजिनमध्ये बोट जेमतेम जाईल एवढीच जागा राहिली. माउंटच्या दोन पट्ट्या उद्यमनगरात कापून, वेल्ड करून घेतल्या. चार दिवसांत इंजिन जागेवर. मी फोटो टाकला, लोकांनी 'नाद खुळा' लिहिलं.

आणि मग गाडी सात आठवडे उभी राहिली.

कारण कार्ब्युरेटरची गाडी आणि इंजेक्शनची गाडी या दोन वेगळ्या जाती आहेत. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं की झालं. इंजिनवरचा छोटा मेकॅनिकल पंप ते टाकीतून ओढून घेतो. इंजेक्टरला मात्र दाब लागतो, अडीच-तीन बारचा, आणि तो टाकीतला इलेक्ट्रिक पंप देतो. आमच्या टाकीत पंप बसवायला जागाच नव्हती. बाहेर पंप लावायचा जुगाड सुचवणारे भेटले. पण पेट्रोल, दाब आणि जुगाड हे तीन शब्द एका वाक्यात आले की मला झोप येत नाही. शेवटी सुचलं ते असं की झेन स्वतःच पुढे एमपीएफआय झाली होती, बॉडी तीच. मग भंगारातून एमपीएफआय झेनची टाकी, पंप आणि पाइपलाइन आणली. बोल्ट टू बोल्ट बसली. या पूर्ण प्रकल्पात मला सुचलेली ही एकच अक्कल.

दुसरी गोष्ट वायरिंग. इथे मी फुशारकीत होतो, हे तर आपलं क्षेत्र! गाडी सुरू झाली, चालली, पण सिग्नलला थांबायला गेलं की बंद पडायची. प्रत्येक वेळी नाही, दहातून तीनदा. सॉफ्टवेअरमध्येही असा अधूनमधून येणारा बग सगळ्यात छळतो. सेन्सर बदलले, आयडल व्हॉल्व्ह साफ केला, अर्थिंग नव्याने केलं. शेवटी कळलं की ईसीयूला गाडीचा वेग कळवणारा सिग्नल लागतो. गाडी थांबत आलीय हे कळलं तर तो आयडल सावरतो. आमच्या झेनमध्ये वेग एका केबलने थेट काट्याला जायचा, तो इतर कुणाला कळवायची सोयच नव्हती. ईसीयूच्या दृष्टीने गाडी कायम उभी. एमपीएफआय झेनचा मीटर बसवला आणि चेक इंजिनचा दिवा विझला. त्या रात्री मी झोपलोच नाही, रंकाळ्याला चार फेऱ्या मारल्या.

खोटं कशाला बोलू, गाडी भन्नाट होती. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की मागे दाबून बसवायची. आणि गंमत बघा, पीयूसीला ती आधीपेक्षा स्वच्छ निघाली. त्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ च्या गाडीला ०.५ टक्के. आमची तर त्या नव्या मर्यादेतही बसली. म्हणजे हवेच्या दृष्टीने मी सुधारणाच केली होती. हा मुद्दा मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवला. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता.

डिसेंबर २०२२. बाबांना घेऊन रत्नागिरीला निघालो, आंबा घाटातून. जुन्या इंजिनची गाडी घाट उतरताना गरीब असते. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत तिला वेगच धरता येत नाही, त्यामुळे ब्रेकला काम कमी. आता तसं नव्हतं. वळण संपलं की मी पाय द्यायचो, पुढच्या वळणाला ब्रेक दाबायचो. परत पाय, परत ब्रेक. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १०० वरून थांबवायचं तर दीडपटीहून जास्त. ब्रेक मात्र तेच, ५० बीएचपीच्या गाडीचे. टायर तेच, १४५/७० चे. ब्रेक ऑइल तर किती वर्षांचं होतं देव जाणे. साधं डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषलं की ती पातळी १४० पर्यंत खाली येऊ शकते.

साखरप्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर पेडल मऊ झालं. मऊ म्हणजे लोण्यात पाय घातल्यासारखं, खालपर्यंत गेलं. समोरून एसटी वर येत होती. मी पंप करत राहिलो, दुसऱ्यात टाकली, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला. एसटीवाल्याने काय ओळखलं कुणास ठाऊक, त्याने आधीच बाजू दिली होती. आम्ही डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक लावून थांबलो. ओरखडासुद्धा आला नाही.

बाबा उतरले, चाकाजवळ हात नेला, चटकन मागे घेतला. म्हणाले, "इंजिन बदललंस. थांबायचं काय केलंस?"

मी म्हटलं, ब्रेक ऑइल जुनं होतं. खरंच होतं. पण ते उत्तर नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. नोकरीत मी रोज हेच करतो. एक लायब्ररी बदलली की तिच्यावर काय काय अवलंबून आहे त्याची यादी काढतो. इथे पंपाची काढली, सेन्सरची काढली. म्हणजे गाडी सुरू व्हायला जे जे लागतं तेवढंच बघितलं.

परत येताना बाबांनी दुसरा प्रश्न विचारला. "मघाशी त्या एसटीला लागलं असतं, तर विमा?" बाबांची नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. कागदावर एक आणि जागेवर दुसरंच असलं की घरं कशी बसतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलंय. मी पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. गाडीत बदल केले तर कंपनीला कळवायचे, नाहीतर ती हात वर करू शकते. आरसीवर ९९३ सीसी आणि एक इंजिन नंबर, बॉनेटखाली १२९८ सीसी आणि भलताच नंबर. दहा महिने मी विम्याचा कागद खिशात घेऊन जवळपास बिनविम्याचा फिरत होतो.

मग कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८२-अ कलमात अशा बदलाला शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच प्रकारचं इंजिन परवानगीने बदलणं वेगळं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचा मान्यताप्राप्त किट बसवायलाही वाट ठेवलीय. म्हणजे झेनमध्ये मोटर-बॅटरी कदाचित रीतसर बसेल, पण तिच्याच चुलतभावाचं पेट्रोल इंजिन नाही.

आधी मी चिडलो. जर्मनीतल्या एका मित्राला फोन केला. तिकडे टीयूव्हीचा तज्ज्ञ तुमची एकटी गाडी तपासतो. ब्रेक, धूर, आवाज सगळं बघतो आणि पटलं तर कागदावर नोंद होते. मग इथे का नाही? मला अजूनही वाटतं की अशी वाट आपल्याकडे हवी. पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर मी सकाळी फिरायला जातो, तिथे आत कंपन्यांच्या गाड्यांची हीच तपासणी होते. एकट्या माणसाला त्या दारातून त्याच्या एका गाडीसाठी जाता यावं, एवढीच मागणी. पण एक मान्य करायला हवं. तसा तज्ज्ञ असता तर त्याने माझी गाडी पहिल्याच दिवशी ब्रेकवर नापास केली असती.

जुलै २०२३ मध्ये झेनच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं. तिथे इन्स्पेक्टर चासी नंबर आणि इंजिन नंबर पडताळतो. एकाने सुचवलं की नंबर घासून जुना पंच करून देतो, हजार-दोन हजारांत. हे मी बाबांना सांगितलंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये इंजिन उतरवलं. चौदा महिने चाललं. जुनं जी१० मेस्त्रींनी कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं, मी न सांगता. हेडला फेसिंग केलं, रिंग, बेअरिंग, गॅस्केट नवं. टाकी आणि मीटर पूर्वीचे. ब्रेक मात्र सगळे नवीन केले, होजसकट. मेस्त्री म्हणाले, "आता कशाला? आता तर ताकद कमी झाली." मी म्हटलं, करा. जुलैमध्ये पाच हजार रुपये फी भरली, पर्यावरण कर वेगळा. इन्स्पेक्टरने पेन्सिलने चासीचा ठसा घेतला, इंजिनचा नंबर वाचला, सही केली. दहा मिनिटं लागली असतील. बाबा नवीन आरसी घरी जाईपर्यंत हातातच धरून बसले होते.

आता बरेच जण विचारतात, गाडी बोअर नाही वाटत का? वाटते. खंबाटकी चढताना ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलो की फार वाटते.

एस्टीमचं इंजिन अजून आमच्या पडवीत आहे, ताडपत्रीखाली. दिवाळीच्या सफाईत आई दरवर्षी विचारते, हे कधी जाणार? गिऱ्हाईकं दोन येऊन गेली. दोघांनीही फक्त बसेल का आणि किती पळेल, एवढंच विचारलं. मी ब्रेकचं काय करणार आहात म्हणून विचारलं तर त्यातला एक हसला, अगदी त्या कुर्ल्याच्या दुकानदारासारखा. अजून दिलेलं नाही.

चला, आज एवढंच. कार्ब्युरेटर घरच्या घरी साफ कसा करायचा, हे बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय ते आठवून मला कळवा.