मिक्सरखालचं लाल बटण आणि त्याची भावंडं



भिजवलेली उडीद डाळ जारमध्ये जरा जास्त झाली की मिक्सर घरघरतो, गरम वास येतो आणि तो एकदम गप्प होतो. मग आपण थोडा वेळ थांबतो, मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबतो, आणि तो परत सुरू होतो. हे बटण म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर. मोटारवर ताण पडला की ती जास्त करंट ओढते, बटणाच्या आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि वीज तोडते. या बटणाची भावंडं आपल्या घरात ठिकठिकाणी लपलेली आहेत. त्यांतलं कोण कशाची राखण करतं, ते आज बघू.

गोरेगावकरांना हा विषय नवा नाही. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला जय भवानी इमारतीत आग लागली. तळाच्या पार्किंगमधली वाहनं आणि कापडाच्या गाठोड्यांनी पेट घेतला, धूर वर चढला आणि झोपेतली माणसं गुदमरली. त्या दिवसानंतर आपल्यापैकी कितीजणींनी आपला मीटर बॉक्स उघडून पाहिला?

आधी एक सोपं गणित. उपकरणावर लिहिलेल्या वॅटना 230 ने भागा, म्हणजे अँपिअर मिळतात. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअर ओढते. लहान, 6 अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम 1380 वॅट घ्यायचे असतात. म्हणजे इंडक्शन तिथे लावायचीच नाही. आणि लक्षात ठेवा, करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

माझ्या शेजारच्या वहिनी डबे करतात. सकाळी इंडक्शन 2000, किटली 1500, ओव्हन 1200 आणि मिक्सर 500 वॅट, सगळं एकाच लाइनवर. बेरीज 5200 वॅट, म्हणजे साडेबावीस अँपिअरच्या वर. एमसीबी होता 16 अँपिअरचा. तो लगेच पडायचा नाही, पोळ्या अर्ध्यावर आल्या की पडायचा. कारण एमसीबी थोडा जास्त लोड काही वेळ सोसतो. दीडपटीच्या जवळपास लोड असला तर त्याला पडायला तासभरही लागू शकतो. वहिनींनी वायरमनला बोलावलं. त्याने 32 अँपिअरचा एमसीबी बसवला. पडणं थांबलं, वहिनी खूश झाल्या. दोन महिन्यांनी फ्रीजमागचा बोर्ड तपकिरी पडलेला दिसला आणि वायरचं प्लास्टिक हाताला चुरचुरीत लागलं. वायर जुनीच, 16 अँपिअरच्या लाइनची होती. मोठा एमसीबी बसवून आपण राखणदारालाच झोपवलं होतं. एमसीबी पडतो तेव्हा तो आपल्याला निरोप देत असतो. निरोप आणणाऱ्याला बदलू नका, लोड कमी करा.

आता अर्धवाहकांकडे येऊ. तांब्यातून वीज सरळ जाते, काचेतून जात नाही. सिलिकॉनसारखे पदार्थ या दोन्हींच्या मधले. त्यांच्यातून वीज कधी जाऊ द्यायची आणि कधी अडवायची हे आपल्याला ठरवता येतं. म्हणून त्यांचा पहारेकरी करता येतो.

इंडक्शन शेगडीत असा एक मोठा स्विच असतो. सेकंदाला हजारो वेळा तो करंट चालू-बंद करतो. शेजारची चिप करंट आणि व्होल्टेज बघत असते. काचेखाली थर्मिस्टर नावाचा दाणा असतो, तो भांड्याची उष्णता सांगतो. रिकामं भांडं तापलं की शेगडी टुकटुक करून बंद होते ती यामुळे. मोबाइलच्या चांगल्या चार्जरमध्येही चिप असते. केबल आतून चिकटली तर ती पुरवठा तोडते, थोडं थांबते, पुन्हा चाचपून बघते. पॉवर बँक आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत असेच स्विच जास्त करंट, जास्त चार्जिंग आणि जास्त उष्णता अडवतात. स्वस्त बनावट चार्जरमध्ये किंवा नाक्यावर जोडून दिलेल्या बॅटरीत नेमकी हीच राखण वगळलेली असते. आपण पैसे वाचवतो ते तिथेच.

हे पहारेकरी फार चपळ असतात. शॉर्टसर्किट झालं की एमसीबीला सेकंदाचा शंभरावा भाग वगैरे लागतो. सिलिकॉनचा स्विच सेकंदाच्या काही लाखाव्या भागात वीज तोडतो. मग एमसीबी हवाच कशाला?

तर याची दोन कारणं. एक, अर्धवाहक जळतो तेव्हा बरेचदा तो उघडा न पडता आतून जोडला जातो. म्हणजे पहारेकरी बेशुद्ध पडतो आणि दरवाजा सताड उघडा राहतो. म्हणून त्याच्या मागे साधा काचेचा फ्यूज ठेवलेला असतो. तो फ्यूज उडाला तर तिथे तार गुंडाळून काम भागवू देऊ नका. दुसरं कारण, चिप फक्त आपल्या उपकरणाची काळजी घेते. भिंतीतल्या वायरमध्ये काय चाललंय हे तिला कळत नाही. वहिनींची चारही उपकरणं आपापल्या मर्यादेत, शहाण्यासारखी चालत होती. जळत होती ती वायर.

आणखी एक गैरसमज. दुकानात 'सर्ज प्रोटेक्टर' लिहिलेला एक्स्टेंशन बोर्ड मिळतो. त्यात झिंक ऑक्साइडची एक चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज अचानक उसळलं तर ती तो झटका स्वतःवर घेते आणि टीव्ही वाचवते. असे झटके खाऊन खाऊन ती झिजतेही. पण ओव्हरलोडशी तिचा काही संबंध नाही. 'सर्ज' लिहिलंय म्हणून त्या बोर्डावर इस्त्री आणि किटली एकत्र लावाल, तर चकती गप्प बसून बघत राहील. तसंच आरसीसीबीचं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपल्याला शॉकपासून वाचवतो, लोडपासून नाही. घरात तोही हवा आणि एमसीबीही हवा.

मग आज संध्याकाळी काय करायचं? प्रत्येक मोठ्या उपकरणाचे वॅट वाचून बेरीज करा. इंडक्शन, गीझर, ओव्हन थेट भिंतीवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशनवर नाही. प्लग काढल्यावर त्याच्या पिना हाताला चटका देत असतील किंवा काळ्या पडल्या असतील तर वायरमनला बोलवा. त्याने मोठा एमसीबी सुचवला तर एकच प्रश्न विचारा: "वायर किती जाडीची आहे?" उत्तर मिळेपर्यंत एमसीबी बदलू देऊ नका. आणि स्कूटरची बॅटरी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. आग लागली तर उतरायची वाट तीच असते.

वहिनींनी नंतर इंडक्शनसाठी वेगळी जाड वायर ओढून घेतली आणि जुन्या लाइनवर 16 चा एमसीबी परत बसवला. तो अजून कधीतरी पडतो. मग त्या किटली बंद करतात आणि पोळ्या पुढे लाटतात.