महायुद्धाला कलाटणी कोठे मिळाली?

(पक्ष सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया हा आजचा विषय आहे. लढायांची जंत्री पाठ करण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही. तारखा कोणत्याही पुस्तकात सापडतात. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे. जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला, तेव्हा युरोप खंडातील बहुतेक कारखाने, खाणी आणि रेल्वे हिटलरच्या थेट ताब्यात किंवा त्याच्या दिमतीला होत्या. पाच वर्षांच्या आत बर्लिनवर लाल निशाण फडकले. या दोन घटनांच्या दरम्यान काय घडले, ते कोणी घडविले आणि कोणती किंमत देऊन घडविले?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून आपल्या मुलांपर्यंत पोहोचणारे उत्तर असे की, जून १९४४ मध्ये इंग्रज-अमेरिकन फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि युद्धाचे पारडे फिरले. दुसरे उत्तर आपल्यापैकीच काहींच्या तोंडी असते : समाजवादी देश होता, तेव्हा विजय ठरलेलाच होता. पहिले उत्तर वस्तुस्थितीच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरे अर्धवट आहे, आणि अर्धवट उत्तर घेऊन जनतेत जाणारा कार्यकर्ता पहिल्याच अवघड प्रश्नाला अडखळतो. म्हणून आज काहीही झाकून न ठेवता बोलायचे आहे.

युद्धापूर्वीचे युद्ध

युद्धाची सुरुवात १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवरील हल्ल्याने झाली, असे सांगण्याची प्रथा आहे. चिनी जनतेसाठी ते जुलै १९३७ मध्येच सुरू झाले होते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते या युद्धातील जखमींची सेवा करण्यासाठीच. डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ या काळात फॅसिस्टांनी आपली विमाने आणि बाँब लोकशाही प्रजासत्ताकावर पारखून घेतले, आणि लंडन व पॅरिसच्या सरकारांनी 'हस्तक्षेप न करण्याचे' धोरण पुकारले. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे याच सरकारांनी चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडून हिटलरच्या पुढ्यात टाकले. हिटलरची भूक पूर्वेकडे वळावी, ही त्यामागील आशा लपून राहिलेली नव्हती.

२३ ऑगस्ट १९३९ च्या सोव्हिएत-जर्मन कराराचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. सोव्हिएत संघाला तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली, हे खरे. परंतु त्या कराराला गुप्त पुरवणी होती, तिने पूर्व युरोपातील लहान राष्ट्रांच्या पाठीमागे त्यांच्या भूमीची वाटणी केली, आणि १९८९ मध्ये खुद्द सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने तिचा निषेध केला, हेही तितकेच खरे. मिळालेला काळही पुरता सत्कारणी लागला नाही. १९३७-३८ च्या दडपशाहीत लाल सेनेच्या पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी गेला होता. हल्ला होणार असल्याचे इशारे टोकियोहून रिशार्ड झोर्गसारख्या निष्ठावंत कम्युनिस्टाने पाठविले. त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात आला नाही.

मॉस्को : पहिला पराभव

२२ जून १९४१ रोजी तीस लाखांहून अधिक सैन्यानिशी जर्मनीने आक्रमण केले. पहिल्या काही महिन्यांत लाल सेनेची अपरिमित हानी झाली. कीव्हच्या वेढ्यात लाखो सैनिक कैद झाले. संपूर्ण युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी तीस लाखांवर कैदी उपासमार, थंडी आणि गोळ्या यांनी मारले गेले. हे युद्ध केवळ भूमीसाठी नव्हते, स्लाव आणि ज्यू जनतेच्या उच्छेदासाठी होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील प्रतिकाराची जिद्द समजणार नाही.

शत्रू मॉस्कोपासून सुमारे तीस किलोमीटरवर येऊन ठेपला. शहरातील स्त्रियांनी रणगाडारोधक खंदक खणले. ७ नोव्हेंबर रोजी लाल चौकात संचलन झाले आणि त्यातील पलटणी तेथूनच आघाडीवर गेल्या. जपान इतक्यात सैबेरियावर चालून येणार नाही, ही झोर्गची बातमी या वेळी मात्र कामी आली. पूर्वेकडील ताज्या तुकड्या मॉस्कोकडे आणता आल्या. ५ डिसेंबरला प्रतिहल्ला सुरू झाला आणि जर्मन फौजा शंभर ते अडीचशे किलोमीटर मागे रेटल्या गेल्या. 'विजेच्या वेगाने' युद्ध जिंकण्याचा हिटलरचा बेत येथे मोडला.

या विजयामागे आणखी एक लढाई होती आणि ती कामगारांनी लढली. १९४१ च्या उत्तरार्धात दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने यंत्रांसह आणि कामगारांसह उरल, सैबेरिया आणि मध्य आशियात हलविण्यात आले. लेनिनग्राडच्या किरोव कारखान्यातील यंत्रे चेल्याबिन्स्कला गेली आणि त्या गावाचे नावच लोकांनी 'टँकोग्राड' पाडले. कित्येक ठिकाणी छप्पर चढण्यापूर्वी यंत्रे सुरू झाली. उत्पादनाची साधने खाजगी नफ्यासाठी नसून समाजाच्या मालकीची आहेत आणि नियोजनाने हलविता येतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याच हिवाळ्यात लेनिनग्राड उपाशी होते. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असा ८७२ दिवसांचा वेढा त्या शहराने सोसला. पहिल्या हिवाळ्यात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि मुलांना व घरच्या माणसांना १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्यातही भेसळ. लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावरून ट्रक धान्य आणीत. आठ लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक नागरिक मेले. शहर पडले नाही.

स्टालिनग्राड

१९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरने आपला रोख दक्षिणेकडे, कॉकेशसच्या तेलाकडे वळविला. व्होल्गाकाठचे स्टालिनग्राड हे त्या वाटेवरील नाके होते. २८ जुलैला 'एक पाऊलही मागे नाही' हा २२७ क्रमांकाचा हुकूम निघाला. त्यात शिक्षा-तुकड्या आणि माघार घेणाऱ्यांना अडविणाऱ्या तुकड्या यांची तरतूद होती. हा हुकूम कठोर होता, क्रूरही होता. पण केवळ हुकमाच्या धाकाने पाच महिने एखादे शहर लढत नाही.

२३ ऑगस्ट रोजी जर्मन विमानांनी शहर बेचिराख केले. हजारो नागरिक एका दिवसात मेले. त्याच दिवशी उत्तरेकडून आलेल्या रणगाड्यांना पहिल्यांदा तोंड दिले ते विमानविरोधी तोफा चालविणाऱ्या तरुण मुलींनी. ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडणारे रणगाडे थेट लढाईत जात होते. जनरल चुइकोव्ह यांच्या ६२ व्या सेनेने शत्रूला इतके बिलगून लढण्याचा मार्ग पत्करला की, आपल्याच माणसांवर बाँब पडतील या भीतीने जर्मन विमाने निकामी ठरावीत. धान्याचे कोठार, रेल्वे स्टेशन, मामायेव टेकडी, 'पाव्हलॉव्हचे घर' म्हणून प्रसिद्धीस आलेली एक साधी इमारत, यांच्यासाठी लढाया झाल्या. एका मजल्यावर जर्मन आणि दुसऱ्यावर सोव्हिएत सैनिक, अशी अवस्था होती.

हे चालू असताना झुकोव्ह आणि वासिलेव्हस्की यांच्या योजनेनुसार शहराच्या दोन्ही बाजूंना दूर अंतरावर दहा लाखांहून अधिक सैन्य गुप्तपणे गोळा होत होते. १९ नोव्हेंबरला रुमानियन फौजांनी धरलेल्या कमकुवत बगलांवर घाव पडला आणि २३ नोव्हेंबरला कलाचजवळ वेढ्याची दोन टोके जुळली. शत्रूचे अडीच लाखांहून अधिक सैन्य आत अडकले. विमानाने रसद पोहोचविण्याची गोअरिंगची बढाई फोल ठरली. सोडविण्यासाठी आलेल्या मानस्टाइनच्या फौजा वाटेतच अडल्या. ३१ जानेवारी १९४३ ला फील्डमार्शल पाउलुस शरण आला; आदल्याच दिवशी हिटलरने त्याला ती पदवी बहाल केली होती. २ फेब्रुवारीला शेवटची बंदूक थंडावली. सुमारे ९१ हजार कैदी हाती आले. सोव्हिएत बाजूची हानी अकरा लाखांहून अधिक होती, त्यांपैकी पावणेपाच लाखांवर मृत आणि बेपत्ता.

या विजयाची वार्ता परळ-लालबागच्या चाळींतही पोहोचली. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गाकाठचा कामगार आणि मुंबईचा गिरणीकामगार यांच्यातील नाते सांगण्यासाठी शाहिराला अनुवादकाची गरज पडली नाही.

कुर्स्क आणि दुसरी आघाडी

स्टालिनग्राडने जर्मन सेनेचा कणा मोडला; कुर्स्कने तिची पुढाकार घेण्याची ताकद कायमची हिरावून घेतली. हल्ला कोठे होणार हे आधी कळले होते. सुरुंगांचे पट्टे आणि खंदकांच्या एकामागून एक रांगा तयार होत्या. त्या खणण्यात आसपासच्या गावांतील लोकांचा मोठा वाटा होता. ५ जुलै १९४३ ला सुरू झालेला हल्ला आठवड्याभरात अडला. प्रोखोरोव्का येथील १२ जुलैच्या रणगाड्यांच्या झुंजीत सोव्हिएत हानी जर्मनांपेक्षा कितीतरी अधिक झाली, हे आता दोन्ही बाजूंच्या दप्तरांवरून स्पष्ट आहे. आपल्या जुन्या पुस्तकांतील वर्णन त्या बाबतीत दुरुस्त केले पाहिजे. मोहिमेचा निकाल मात्र त्याने बदलत नाही. ५ ऑगस्टला ओरेल आणि बेलगोरोद मुक्त झाले आणि २३ ऑगस्टला खारकोव्ह.

आता नॉर्मंडी. १९४२ मध्येच अपेक्षित असलेली दुसरी आघाडी ६ जून १९४४ ला उघडली. त्या किनाऱ्यावर मेलेले सैनिकही कामगार-शेतकऱ्यांचीच मुले होती. त्यांच्या शौर्याला आपण वंदन करतो. अमेरिकेने पाठविलेल्या चार लाखांवर मोटारगाड्यांचा आणि डबाबंद अन्नाचा लाल सेनेला मोठा उपयोग झाला, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच जूनमध्ये बेलोरशियात सुरू झालेल्या 'बाग्रातिओन' मोहिमेने जर्मनीची मध्य आघाडी नष्ट केली आणि १७ जुलैला ५७ हजार जर्मन कैदी मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालविण्यात आले. ही मोहीम किती पाठ्यपुस्तकांत सापडते? जर्मन सैन्याची सुमारे तीन चतुर्थांश प्राणहानी पूर्व आघाडीवर झाली. सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. युद्धाला कलाटणी कोठे मिळाली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आपला देश आणि आपला पक्ष

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदी जनतेला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. पंचवीस लाख हिंदी सैनिक लढले. इटलीच्या रणभूमीवर माणगावकडचे यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे तेथेच पडले. कोहिमा-इंफाळला १९४४ मध्ये जपानी आक्रमण थांबले, आणि तेथे हिंदी माणसे दोन्ही बाजूंना होती. दरम्यान १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. ती साम्राज्यशाही धोरणांची आणि साठेबाजांची बळी होती.

अशा वेळी आपल्या पक्षाने फॅसिझमचा पराभव हे जगातील सर्व जनतेचे पहिले काम मानले. ते मूल्यमापन बरोबर होते. परंतु त्यावरून १९४२ च्या 'छोडो भारत' लढ्यापासून दूर राहण्याचा जो निष्कर्ष काढला गेला, तो चुकीचा होता. साताऱ्यात प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील पुढे आपल्याच पक्षाचे खासदार झाले; त्यांची वाट आणि आपली वाट १९४२ मध्ये वेगळी असायला नको होती. ही चूक मान्य केल्याने आपण लहान होत नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंड पुकारले, तेव्हा २२ तारखेच्या संपात पक्ष आणि गिरणीकामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. परळच्या कॉम्रेड कमल दोंदे गोळीबारात पडल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली.

निष्कर्ष

शेवटी एक आकडा सांगतो. नोव्हेंबर १९३२ च्या जर्मन निवडणुकीत नाझींना ३३ टक्के मते पडली. कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट यांची मते मिळून ३७ टक्क्यांवर जात होती. हे दोन पक्ष एकत्र आले नाहीत. एकाने दुसऱ्याला 'सोशल फॅसिस्ट' म्हटले, दुसऱ्याने कम्युनिस्टांना नाझींच्याच पंक्तीला बसविले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच छळछावणीत भेटले. १९३५ मध्ये दिमित्रोव्ह यांनी संयुक्त आघाडीचा मार्ग मांडला, तो या अनुभवातूनच. पण तोवर जर्मनीत उशीर झाला होता.

फॅसिझमविरुद्धची सर्वांत कमी रक्ताची लढाई १९३२ मध्ये बर्लिनच्या कारखान्यांत आणि मोहल्ल्यांत जिंकता आली असती. ती हातची गेली, म्हणून दहा वर्षांनी व्होल्गाकाठी ती घराघरांतून लढावी लागली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, स्टालिनग्राडचे नाव तर १९६१ मध्येच बदलले. हा धडा मात्र जुना झालेला नाही. आपापल्या गावी, आपापल्या युनियनमध्ये परत गेल्यावर, मतभेद असूनही कोणाबरोबर उभे राहायचे हा प्रश्न ज्या ज्या वेळी पुढे येईल, त्या त्या वेळी हे दोन आकडे आठवा.

लाल सलाम.