वैऱ्यावर प्रीती आणि रुग्णसेवा
(नाताळनिमित्त झालेल्या मेळाव्यातील भाषण)



नाताळनिमित्त येशू ख्रिस्ताच्या उपदेशातील सर्वांत अवघड भागाविषयी बोलावे, असे आम्हांस वाटले. वैऱ्यावर प्रीती करावी, असे डोंगरावरील प्रवचनात त्याने सांगितले. ऐकावयास हे गोड आहे. आपलेच माणूस जखमी होऊन पडले असता मात्र ते घशाखाली उतरत नाही.

आमचा पिंड हिशेबाचा. त्यामुळे लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतात आमचे लक्ष खर्चाकडे जाते. यहूदी आणि शोमरोनी यांचे जुने वैर. लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या प्रवाशास याजक व लेवी टाळून गेले. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्यास उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन दिले. मर्यादा न घालता दिलेली ही हमी! त्याच्या कळवळ्याविषयी एकच शब्द आहे, कृतींची नोंद मात्र तपशीलवार आहे. मनात प्रेम दाटून येण्याची वाट न पाहता आधी पट्टी बांधावी, असा अर्थ आम्ही घेतो.

प्रीती म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे, असा समज मात्र महाडच्या भूमीत तरी कोणी करून घेऊ नये. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला, अनेक जखमी झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले; हक्क मात्र सोडला नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा ख्रिस्ती उपदेशाचा प्रसंग नव्हे. पण हात आवरणे आणि न्याय मागणे एकत्र नांदू शकते, हे येथे दिसले.

ओडिशात १९९९ च्या जानेवारीत कुष्ठसेवक ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे दोन कोवळे पुत्र यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. क्षमा निराळी आणि कायद्याची शिक्षा निराळी, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्या बारीपद्यातच राहून कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. २००४ साली तेथे पतीच्या नावे रुग्णालय उभे राहिले. आत्मिक वाढ म्हणतात ती हीच असावी. ती एका प्रार्थनेत होत नाही.

आपल्याकडे बांधाच्या भांडणातील दोन्ही पक्ष एकाच रात्री दाखल होतात. पोलिसांना कळविणे हे आपले कर्तव्य. ते आपण करतो. टाके दोघांनाही घातले जातात. "त्याला येथे का घेतले?" असे नातेवाईक विचारतात. त्यांचे दुःख आम्हांस कळते. पहिल्या दिवशी तोंड फिरविणारी माऊली चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवर पेज देताना आम्ही पाहिली आहे. नेहमी तसे घडत नाही. काही जण वैर घेऊनच घरी जातात.

निर्धन रुग्ण निधीच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना आहे. रुग्ण कोणाच्या बाजूचा, असा रकाना नाही. देणगीबाबत मात्र अधूनमधून अट येते, की अमुक वाडीच्या वा अमुक लोकांच्या उपचारास हा पैसा वापरू नये. रक्कम मोठी असली की नाही म्हणणे जड जाते. तरीही अशी अट असलेली देणगी यापुढे स्वीकारू नये, असा ठराव विश्वस्त मंडळाने करावा, ही आमची नम्र विनंती आहे.