आधी नंबर वाचा, मग पाना उचला

वडवणी, धारूर, माजलगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या पडवीत आजही एखादी जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत उभी दिसते. घरची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर गाडी जागची हललेली नसते. मग किका मारून पाय भरून येतो, पण गाडी काही दाद देत नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, "कार्बोरेटर गेलाय, दुसरा टाका." आज मी याच सल्ल्याबद्दल बोलणार आहे. कार्बोरेटर बदलायचा निर्णय घेण्याआधी तो कोणता आहे हे ओळखा. ओळख पटली की जुनाच बहुधा दुरुस्त होतो, आणि त्या इंजिनाला शोभतोही तोच.

कार्बोरेटरचं काम पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळून देण्याचं. साध्या पेट्रोलच्या एका वजनी भागाला हवेचे साधारण 14.7 भाग लागतात. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. हे प्रमाण कंपनीनं त्या इंजिनाचा आकार, त्याचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बघून बसवलेलं असतं. शंभर सीसीच्या गाडीचा कार्बोरेटर साडेतीनशे सीसीच्या बुलेटला लावला, तर गाडी चालू होईल, बाजारापर्यंत जाईलही; पण चढाला दम तोडेल आणि उन्हाळ्यात पिस्टन धरेल.

आता ओळख कशी पटवायची? बुलेटचंच उदाहरण घेऊ. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीनं 'मोनोब्लॉक' हा कार्बोरेटर बाजारात आणला. जुन्या बुलेटवर तो दिसतो. त्याची फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याची, डबी अंगातच घडवलेली, एका बाजूला, आणि तिच्यावर तीन स्क्रूंचं गोल झाकण. नंतरच्या बुलेटवर मिकुनी पद्धतीचा मिककार्ब व्हीएम 24 आला. त्याची पेट्रोलची वाटी खाली असते, आणि 24 म्हणजे तोंडाचा व्यास 24 मिलिमीटर. जावा आणि सुरुवातीच्या येझदीवर चेकोस्लोव्हाकियाच्या जिकॉव बनावटीचा कार्बोरेटर असे. राजदूत 350 वर तर दोन सिलिंडरना दोन कार्बोरेटर. तिथं दोन्ही एकाच मापाचे, एकाच जेटचे हवेत आणि दोन्ही स्लाईड, म्हणजे अॅक्सिलरेटरनं उचलले जाणारे हवेचे पडदे, एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता फिरतो.

मोनोब्लॉकच्या अंगावर 376, मग तिरकी रेघ, मग आणखी एक आकडा ठोकलेला असतो. 376 हा मापाचा गट. रेघेपुढचा आकडा सांगतो की हा नग कोणत्या गाडीसाठी जुळवून पाठवला होता. रॉकेलनं मळ धुवा, बॅटरी तिरकी धरा, म्हणजे आकडा वाचता येतो. स्लाईडवरही आकडा असतो. 3 म्हणजे तिची हवेकडची कड इंचाच्या तीन सोळांशानं कापलेली आहे. मेन जेटवरचा आकडा त्यातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल जातं ते सांगतो. दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांचा हिशेब वेगळा असू शकतो, म्हणून एका कंपनीचा जेट दुसऱ्या कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये निव्वळ आकडा जुळतो म्हणून घालू नये.

सगळ्यात जास्त फसवणारा भाग म्हणजे नीडल जेट. सुई ज्या पितळी नळीत वरखाली होते, ती ही. मोनोब्लॉकमध्ये तिच्यावर 106 लिहिलेलं असेल, तर भोक 0.106 इंच, जेमतेम 2.69 मिलिमीटर. सुई घासून घासून भोक एका हजारांश इंचानं मोठं झालं की तो 107 झाला. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मधल्या वेगात पेट्रोल जास्त जाऊ लागतं. लोक मेन जेट बदलत बसतात, आणि दोष असतो इथं. एक लक्षात ठेवा: अॅक्सिलरेटर आठव्या हिश्श्यापर्यंत उघडला तर पायलट जेटचं राज्य, तिथून पावापर्यंत स्लाईडच्या कापाचं, पावापासून पाऊणपर्यंत सुईचं आणि त्यापुढं मेन जेटचं. गाडी कुठं अडखळते ते कळलं की कुठं हात घालायचा तेही कळतं.

खोलताना आधी सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून घ्या. जेटमध्ये तार खुपसू नका. भोक वाढतं आणि ते परत लहान होत नाही. क्लीनरमध्ये भिजवा, हवेनं फुंका. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे. इंजिनाला लागणारा सपाट भाग काचेवर ठेवून बघा. नट दाबून आवळल्यानं तो वाकतो आणि फटीतून हवा ओढली जाते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो हलक्या हातानं सपाट करता येतो. गास्केट, वॉशर आणि फ्लोटची सुई मात्र नवीच घाला.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाशी थेट जोडलेली आहे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्याचा एक भाग उसापासून येतो. हे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी हंगामभर उभी राहिली की वाटीत पाणी साचतं, जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगावर पांढरा थर चढतो आणि पायलटचं बारीक भोक आधी बंद होतं. जुनं रबरही फुगतं. शिवाय या मिश्रणाला हवा कमी लागते, साडेतेरा भागांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं, आणि जुन्या मापावर गाडी उपाशी चालते. ती तापत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. सुई वर येते, पेट्रोल थोडं वाढतं. दोन-चार कोस चालवून प्लग बघा. बिस्किटासारखा तपकिरी दिसला की माप बसलं.

म्हणून ऊसतोडीला निघण्याआधी दोन कामं करा. पेट्रोल कॉक बंद करून वाटी पूर्ण रिकामी करा. आणि अंगावरचा, स्लाईडवरचा, जेटवरचा आकडा कागदावर उतरवून तो कागद आरसी बुकात ठेवा. उद्या मिस्त्री बदलला, गाव बदललं, तरी गाडीला काय हवंय हे त्याला विचारावं लागणार नाही. आणि जुना कार्बोरेटर भंगारात किलोच्या भावानं देऊ नका. तशा अंगाचा नग आता सहजासहजी मिळत नाही, आणि वडिलांची गाडी तुमच्या मुलानं चालवावी असं वाटत असेल, तर तिचा सगळा हिशेब त्याच धातूवर कोरलेला आहे.