लिंकवर बोट तुमचं, पण दार कोण उघडतं?

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. एफटीपीची लिंक क्लिक केली की काहीच होत नाही, किंवा भलतंच अ‍ॅप उघडतं. ती सरळ फाईल ट्रान्सफर प्रोग्रॅममध्ये कशी उघडायची? सेटिंग दोन मिनिटांचं आहे. पण ते करताना आपण कुणाला कसली परवानगी देतोय, हे कळायला हवं. म्हणून आजचा भाग.

आधी थोडा इतिहास. एफटीपी म्हणजे फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. म्हणजे ही गोष्ट वेबपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठी!

पूर्वी ब्राउझर स्वतःच या लिंक उघडायचे. पण एफटीपीत पासवर्ड आणि फाईल, दोन्ही उघड्यावर जातात. पोस्टकार्डासारखं, वाटेतला कुणीही वाचू शकतो. त्यामुळे २०२१ मध्ये फायरफॉक्सने ९० व्या आणि क्रोमने ९५ व्या आवृत्तीत ही सोय काढूनच टाकली. लिंक मात्र जगभर शिल्लक आहेत. जनुकशास्त्राचा डेटा, जुनी सॉफ्टवेअर्स, होस्टिंगवाल्याने दिलेलं खातं. मग त्या उघडणार कोण?

इथे खरी गंमत आहे. कुठलीही लिंक म्हणजे नुसता मजकूर असतो. त्यात कोलनच्या आधी जो शब्द असतो, एचटीटीपीएस, मेलटू, एफटीपी, त्याला स्कीम म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक यादी असते: अमुक स्कीम आली की तमुक प्रोग्रॅमला हाक मार. ब्राउझरला लिंक स्वतः उघडता येत नसेल, तर तो ती सिस्टिमकडे सोपवतो. आपल्याला फक्त यादीतलं नाव बदलायचंय.

विंडोजवर विनएससीपी वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये जा, इंटिग्रेशन हे पान उघडा. तिथे वेब पत्ते हाताळण्यासाठी नोंदणी करायचं बटण आहे. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात डिफॉल्ट अ‍ॅप्स, आणि लिंकच्या प्रकारात एफटीपी शोधून तुमचा प्रोग्रॅम निवडा. लिनक्सवर हेच काम एक्सडीजी-माइम नावाची कमांड करते. आता लिंक क्लिक केली की ब्राउझर विचारेल, हा प्रोग्रॅम उघडू का? हो म्हटलं की झालं.

पण थांबा, पडद्यामागे काय झालं ते बघू. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक ओळ लिहिली गेली: प्रोग्रॅमचा पत्ता, आणि त्याच्यापुढे टक्क्याचं चिन्ह व एक आकडा. क्लिक केल्यावर त्या जागी अख्खी लिंक जशीच्या तशी बसते. आता सांगा, ती लिंक लिहिली कुणी? तुम्ही नाही. ज्याने वेब पान बनवलं त्याने. म्हणजे एका अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या हातात थेट पडतो.

ही नुसती भीती नाही. विनएससीपीच्या ५.१७.१० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये नेमकं हेच भोक होतं. लिंकमधूनच सेशनची सेटिंग्ज भरता यायची, आणि खास तयार केलेल्या लिंकने तुमच्या मशीनवर दुसरा प्रोग्रॅम चालवता यायचा. २०२१ च्या सुरुवातीला ते बुजवलं गेलं. त्यामुळे प्रोग्रॅमला लिंक उघडायचा अधिकार दिलात, तर तो अपडेट ठेवणं हे ओघानंच आलं.

अजून दोन गोष्टी. एक, एफटीपीच्या लिंकमध्ये युजरनेम आणि पासवर्ड लिहायची सोय असते. ती वापरू नका. अशी लिंक ग्रुपवर टाकणं म्हणजे कुलपासोबत किल्लीही टांगून ठेवणं. दोन, समोरच्या सर्व्हरवर एसएफटीपी असेल तर तेच घ्या. नावं सारखी वाटतात, पण एसएफटीपी एसएसएचवर चालतं आणि सगळं कुलूपबंद जातं.

‘मी तर फक्त फोन वापरतो, माझा काय संबंध?’ असं वाटत असेल, तर दुकानातला क्यूआर कोड आठवा. त्यात यूपीआय स्कीमची लिंक असते. कुणी तीच लिंक मेसेजमधून पाठवली आणि तुम्ही दाबली, की अँड्रॉइड तीच यादी बघतो, तुमच्याकडच्या पेमेंट अ‍ॅप्सची नावं दाखवतो. पैसे कुणाला, किती, हे लिंक बनवणाऱ्याने आधीच लिहिलेलं असतं. तुमच्या हातात उरतो तो पिन टाकण्याआधीचा एक क्षण. त्या क्षणात स्क्रीनवरचं नाव आणि रक्कम वाचायची.

एफटीपी असो की यूपीआय, ‘हे अ‍ॅप उघडू का?’ हा प्रश्न आला की आपला अंगठा आपोआप ‘हो’कडे जातो. शेजारचं ‘नेहमी परवानगी द्या’ तर आपण वाचतही नाही. ओळखीच्या ठिकाणी द्या, बिनधास्त द्या. अनोळखी पानावर मात्र दर वेळी विचारू दे त्याला. एक जास्तीचा क्लिक पडेल, पडू दे.

आज घरी गेल्यावर डिफॉल्ट अ‍ॅप्सची यादी एकदा नजरेखालून घाला. कुणाकुणाला दार उघडायला ठेवलंय ते कळेल, आणि एखादं नाव बघून नक्की दचकाल. भेटू पुढच्या भागात!