कुत्र्याचे नाक आणि माणसाचे दुखणे

आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात कुत्रा हा घरातलाच एक असतो. पावसाळ्यात धुके दाराशी येऊन बसते, चार हातांवरचे दिसत नाही आणि रानातून बिबट्या केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी घराची राखण त्याच्यावरच. पण हाच कुत्रा रात्री गळा काढून रडू लागला की घरातली माणसे चरकतात. त्यातून घरात कुणी आजारी असले तर विचारायलाच नको! ‘ह्याला यम दिसला’ म्हणून त्याच्यावर दगड भिरकावले जातात.

खरे पाहता असे रडणे बहुधा दूरच्या दुसऱ्या कुत्र्याला दिलेली साद असते, नाहीतर एकटेपणाची तक्रार. तेव्हा यमाला आपण बाजूला ठेवू. पण माणसाचे दुखणे कुत्र्याला कळते का, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

१९८९ साली ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे पत्र लिहिले. एका बाईंच्या मांडीवर तीळ होता. त्यांची कुत्री तो तीळ पुन्हा पुन्हा हुंगत असे, अगदी कपड्यावरूनसुद्धा. एकदा तर तिने तो चावून काढण्याचा प्रयत्न केला. बाई डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. वेळेवर कळला म्हणून उपचार झाले.

ही एकच गोष्ट असती तर तिला योगायोग म्हणता आले असते. पण २००४ साली ब्रिटनमध्येच रीतसर प्रयोग झाला. सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास ओळखायला शिकवले. सात नमुन्यांपैकी एकच नमुना रोग्याचा असे. नुसत्या अंदाजाने शंभरात चौदा वेळा बरोबर आले असते. कुत्र्यांचे एक्केचाळीस वेळा आले. गंमत म्हणजे शिकवणीच्या काळात एका निरोगी समजलेल्या माणसाच्या नमुन्यापाशी कुत्री हटून बसत. त्या माणसाची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग सापडला.

आपल्याकडेही २०२१ च्या फेब्रुवारीत भारतीय सैन्याने करोना ओळखायला शिकवलेली कुत्री दिल्लीत दाखवली. त्यांत कॅस्पर नावाचा कॉकर स्पॅनियल होता आणि जया नावाची तमिळनाडूच्या चिप्पीपराई जातीची कुत्रीही होती. घामाच्या नि लघवीच्या वासावरून ती काम करीत.

यात जादू काही नाही बरं का. आजारात शरीरातली रसायने बदलतात आणि त्यांचा अंश श्वासातून, घामातून, लघवीतून बाहेर पडतो. मधुमेह फार बिघडला की रोग्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख; कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. आपल्याला जिथे काहीच जाणवत नाही, तिथे त्याच्यापुढे अख्खे वर्तमानपत्र उघडलेले असते.

मग कुणी विचारील, ‘आमचा कुत्रा का नाही काही सांगत?’ याचे उत्तर असे की, वास येणे वेगळे आणि तो माणसाला सांगणे वेगळे. नाक बहुतेकांना असते, पण सांगण्याची हौस स्वभावावर अवलंबून. एकाच वेतातली दोन पिल्ले पाहा. एक धन्याच्या तोंडाकडे सारखे बघत राहील, दुसरे आपल्याच नादात परसात उकरत बसेल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पिल्लाला माणसाचा हात किती लागला, यावरही पुष्कळ ठरते. जातीचे म्हणाल, तर २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. म्हणजे विकतचा लॅब्रॅडॉर शहाणा आणि दारचा गावठी अडाणी, हा हिशेब काही खरा नाही. आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी न बसणाऱ्या कुत्र्याला बेइमान म्हणणे, हाही त्याच्यावर अन्यायच.

आता कामाची गोष्ट. आपल्या भागात कितीतरी घरांत मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे गावाला. त्यांना सोबत कुत्र्याची. आंबोलीहून सावंतवाडी गाठायची तर सारा घाट उतरायचा, म्हणून दुखणे अंगावर काढायची सवय. अशा घरी कुत्रा अंगावरची एकच जागा दिवसचे दिवस हुंगू लागला, तर त्याला शकुन-अपशकुन समजू नका, हाडतुडही करू नका. ती जागा डॉक्टरांना दाखवा. फार तर एक फेरी फुकट जाईल. मात्र त्याला जखम चाटू देऊ नका. लाळेतून रेबीजसारखा रोग येऊ शकतो. आणि कुत्रा स्वस्थ झोपला आहे म्हणून आपणही निरोगी, असे मुळीच समजू नका. शिकवलेली कुत्रीसुद्धा शंभरात साठ वेळा चुकली होती, हे विसरून चालणार नाही.

कुत्रा फार तर बातमी देतो. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. आणि बातमी देणाऱ्यावर दगड न उगारता ती डॉक्टरांपर्यंत पोचवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.